कोट्यवधी वर्षं शांत असलेल्या भेगेमुळे आज दरड कशी कोसळेल?

वाशिष्ठीकाठ | ७ जून, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. आमच्या गावाच्या डोक्यावरून घाटरस्ता जातो. रुंदीकरणात डोंगराची बाजू जवळजवळ उभी कापली आहे आणि त्या कटाईच्या खाली आमच्या दोन वाड्या आहेत. गेल्या महिन्यात पाहणीला आलेल्या भूवैज्ञानिकांनी ग्रामसभेत सांगितलं, की या कटाईतून एक जुना भ्रंश जातो, म्हणजे जिच्यावरून कधीकाळी खडक सरकले अशी भेग. एवढं तोंडी बोलून ते गेले. कागद काही हातात नाही.

तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, भ्रंश म्हणजे भूकंप, घरं सोडा. दुसरा म्हणतो, हा भ्रंश कोट्यवधी वर्षांपूर्वी हलून थांबलाय, त्याच्या नावाने कशाला रडता, दरड येते ती पावसाने. मला दोन्हीकडे काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. मेलेल्या भ्रंशाचा दरडीशी संबंध असतो का? असेल तर नेमका कसा? आणि ग्रामपंचायतीने रस्त्याच्या खात्याला विचारायचं ते काय? पाऊस दारात आहे, म्हणून घाईने धागा काढतोय.

मालवणी_मसाला | ७ जून, रात्री १०:०५

आमचो आजो म्हणायचो, डोंगराक भेग दिसली तर आधी गुरां हलवा, मगे माणसां, आणि सगळ्यात शेवटी सरपंचाक सांगा. तोपर्यंत पाऊस जाता. :)

तज्ज्ञांनी लिवा रे, मी हंयच बसलंय.

भूस्तर | ७ जून, रात्री ११:३०

मी भूगर्भशास्त्र शिकवतो, रत्नागिरी जिल्ह्यातच. वाशिष्ठीकाठ, तुमच्या दोन्ही तटांकडे अर्धं अर्धं खरं आहे. जरा सविस्तर लिहितो.

भ्रंशाचे धोके दोन, आणि ते वेगवेगळे धरायला हवेत. पहिला, तो पुन्हा हलून भूकंप होणं. दुसरा, तो जेव्हा केव्हा हलला तेव्हा खडकाची जी अवस्था करून गेला, ती. तुमच्या वाड्यांचा प्रश्न दुसऱ्याचा आहे.

दोन बाजूंचे खडक एकमेकांवर घासत सरकले की मधला पट्टा चुरडला जातो. कुठे वीतभर, कुठे काही मीटर. भ्रंश थांबला तरी त्या चुऱ्यात पाणी शिरायचं थांबत नाही. पाण्याने खनिजं कुजतात आणि दगडाच्या जागी चिकणमाती तयार होते. शेजारच्या काळ्या कातळावर घण घातला तर हात झिणझिणतात, आणि या पट्ट्यात नुसती पहार आत जाते. भ्रंश जितका जुना, तितका पाण्याला काम करायला वेळ जास्त मिळालेला. म्हणून 'कोट्यवधी वर्षं शांत आहे' हे ऐकून मला हायसं वाटत नाही.

आता आकड्यांत बघा. खडबडीत, कोरड्या बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या, दोन पृष्ठभागांमधला घर्षणकोन ३५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे ३० अंश उताराच्या भेगेवरही वरचा खडक टिकून राहतो. तीच भेग घासून गुळगुळीत झालेल्या चिकणमातीने भरलेली असेल, तर हा कोन १०-१५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डोंगर तोच, उतार तोच, पण धरून ठेवणारी ताकद निम्म्याहून कमी. त्यात पाणी. भेगेत १० मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे १० टन दाब येतो. हा दाब वरच्या खडकाला उचलतो आणि बाहेर ढकलतो. पाऊस हेच काम करतो. पण तो ते कुठे करील, हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं.

शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे भेगेचा कल. भेग डोंगराच्या आत कलली असेल तर निदान तिच्यावरून सरळ घसरण होत नाही. ती रस्त्याकडे कललेली असेल आणि कटाईने तिचं खालचं तोंड उघडं पाडलं असेल, तर वरच्या खडकाचा टेकूच काढून घेतला असा अर्थ होतो. दोन भेगा एकमेकींना छेदून रस्त्याकडे उतरत असतील, तर मधली पाचर सुटते. तेव्हा 'भ्रंश आहे का' एवढं विचारून भागत नाही. तो कुठल्या दिशेला आणि किती अंशांनी कललाय, आणि कटाईने त्याचं पाऊल तोडलंय का, हे विचारा.

चाकरमानी | ८ जून, सकाळी ७:१५

भूस्तर सर, दंडवत. पण गणपतीला गावी यायला आम्हाला चौदा-चौदा तास लागतात हो. रस्ता रुंद झालाच पाहिजे. नाहीतर या धाग्यावरून पुन्हा कामाला स्थगिती, आणि आम्ही पुन्हा माणगावात उभे.

वाशिष्ठीकाठ

चाकरमानी, रस्ता आम्हालाही हवाच आहे. डिलिव्हरीची बाई घेऊन आम्हीच त्या घाटातून उतरतो. नीट बांधा एवढंच म्हणणं.

घाटातला_अभियंता | ८ जून, सकाळी १०:४०

स्थापत्य अभियंता आहे, घाटरस्त्यांची कामं केली आहेत. भूस्तर यांचं शास्त्र मान्य, पण मला एक भीती स्पष्ट मांडायची आहे. भ्रंश हा शब्द एकदा चर्चेत आला की तो सगळ्यांची सुटका करतो. दरड कोसळली की अर्धा दोष ढगफुटीवर, अर्धा भूगर्भावर. माणसाने केलेलं काहीच नाही.

मी पाहिलेल्या दरडींत नेहमी सापडणारी कारणं फार साधी होती. जमीन कमी संपादित केलेली असते, मग उताराला मोकळं मागे न्यायला जागाच नसते आणि कटाई उभी ठेवावी लागते. मध्ये टप्पे सोडलेले नसतात. कटाईच्या माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारं गटार कागदावर असतं, डोंगरावर नसतं. खोदलेली माती दरीच्या बाजूला लोटून दिलेली असते आणि पुढच्या पावसात ती खालच्या शेतात जाते. वेळ वाचवायला सुरुंग जास्त भरतात, त्याने चांगला खडकही आतपर्यंत तडकतो. यातलं एकही काम सहा कोटी वर्षांपूर्वी झालेलं नाही.

भूस्तर

अभियंता साहेब, अगदी सहमत, आणि म्हणूनच भ्रंश आधी शोधायचा. डोंगर कुठे कच्चा आहे हे खोदण्यापूर्वी कळू शकत होतं, असं दाखवता आलं तर सुटकेची वाट बंद होते. पावसाचा अंदाज चुकू शकतो. कच्चा पट्टा मात्र तिथेच बसलेला असतो, तो बघायला कोणी गेलं की नाही एवढाच प्रश्न.

राजापुरी | ८ जून, दुपारी १२:२०

थोडं अवांतर. आमच्याकडचं उन्हाळे, मग तुरळ, आरवली, वर उन्हवरे, सव, अगदी वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत गरम पाण्याची कुंडं साधारण एका उत्तर-दक्षिण ओळीत का आहेत? ते याच भेगांचं काम का? लहानपणी आम्हाला सांगायचे की खाली ज्वालामुखी आहे, म्हणून आम्ही कुंडात पाय घालायला घाबरायचो.

भूस्तर

अवांतर नाहीच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याच सुमारास आणि त्यानंतर भारताचा पश्चिम किनारा ताणला जाऊन फाटत होता, सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून वेगळा झाला. त्या ताणाच्या खुणा कोकणात आजही आहेत. किनाऱ्याला साधारण समांतर जाणाऱ्या भेगा आहेत. कित्येक भेगांत लाव्हा उभा भरून गोठला, त्या भिंतींना डाईक म्हणतात. पनवेलच्या पट्ट्यात तर अख्खे थरच पश्चिमेकडे, समुद्राकडे कललेले आहेत. एरवी सह्याद्रीत ते जवळजवळ आडवे असतात.

कुंडांखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. म्हणजे या भेगांतून आजही पाणी खेळतंय, याचा हा वाहता पुरावा.

एक खुलासा इथेच करतो. सह्याद्रीचा कडा म्हणजेच एक प्रचंड भ्रंश, असं बरेच जण धरून चालतात. कडा आज जिथे आहे तिथेच जमीन तुटली असं बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. फाटलेली कड पश्चिमेला होती आणि झिजत झिजत कडा पूर्वेकडे सरकत आला, असं मत जास्त मान्य आहे. म्हणजे दरडी कोसळणं हीच कडा मागे सरकण्याची रीत. आपण त्याच्या पायथ्याशी आणि पोटात राहतो आणि रस्ते काढतो.

मालवणी_मसाला

म्हंजे डोंगर आमच्या आधीपासून स्थलांतर करताहा. आमी उगाच मुंबैक गेलंव म्हणून बोल लावतत.

कोयनाकाठ | ८ जून, संध्याकाळी ६:०२

'मेलेला' हा शब्द जपून वापरा, एवढंच सांगायला लिहितोय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर ढालप्रदेशातला, म्हणजे फार जुन्या, शांत खडकांच्या भूभागातला मानला जायचा. जलाशय भरल्यावर त्याच्या पाण्याने खोलवरच्या जुन्या भेगांवरचा ताण बदलला, आणि मानवनिर्मित जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपांत तो जगातला सगळ्यात मोठा गणला जातो. आमच्याकडे अजून छोटे धक्के बसतात. म्हणून तर कराडला संशोधन केंद्र काढून कोयनेजवळ ३ किलोमीटर खोल विंधनविवर (बोअर) घेतलं. बेसॉल्ट साधारण एक किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक लागतात. भूकंपाच्या भेगा त्या खालच्या खडकात.

आणि जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी आल्या, तेव्हा भूकंप झालेला नव्हता. तो पाऊसच होता. दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात पाहिल्यात, म्हणून त्यांची गल्लत करू नये असं वाटतं.

सावित्रीखोरे | ८ जून, रात्री ९:३३

मी महाडची. २५-२६ जुलै २००५ ला आमच्या तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या आणि १९० हून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळीये. त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेच पाणी सावित्रीला आणि त्याच दिवशी तिकडे चिपळूणलाही पूर. तळीयेत ऐंशीहून अधिक. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, दीडशेच्या वर. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत.

हे सगळं लिहिलं कारण यातल्या कुठल्याही गावावर घाटरस्त्याची उभी कटाई नव्हती. भ्रंशाचं नावही कोणी घेतलं नव्हतं. डोंगरावरची माती आणि धोंडे पाण्यासकट खाली आले. तुमची चर्चा अभियांत्रिकीची आहे, ती हवीच. पण भ्रंश असलेलं गाव धोक्यात आणि नसलेलं सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नये. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं होतं. यादीत नसल्याचा दिलासा आमच्या तालुक्यात कोणाला पुरत नाही आता.

भूस्तर | ८ जून, रात्री ११:१०

ताई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. त्याला जोडून एक निरीक्षण. अशी माती डोंगरावर सगळीकडे सारखी जाड नसते. ती खोलगटीत, पऱ्याच्या (ओढ्याच्या) उगमाशी जाड साचते. आणि पऱ्या कुठे कोरला जातो? पुष्कळदा जिथे खडक आधीच तडकलेला असतो तिथे. कोकणातले कितीतरी व्हाळ नकाशावर पट्टीने आखल्यासारखे सरळ दिसतात, ते भेगेवरून वाहतात म्हणून. म्हणजे मातीच्या दरडीतही खालची भेग पुष्कळदा गुपचूप हजर असते. पाणी खाली कुठे साचेल आणि कुठून वर येईल, ते ती ठरवते. प्रत्येक ठिकाणी असंच असतं असा माझा दावा नाही. पण वाडीच्या वर असा खोलगट भाग आणि त्यात जाड माती असेल, तर रस्ता असो वा नसो, त्या वाडीकडे आधी बघावं.

लाईनवाला | ९ जून, सकाळी ६:२०

वडील कोकण रेल्वेवर पावसाळी गस्तीला होते, म्हणून लिहितो. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरची ही लाईन १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी पूर्ण खुली झाली. बोगदे नव्वदच्या वर, करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. लोक बोगद्यांचं कौतुक करतात, वडील मात्र कटाईबद्दलच बोलायचे. जांभ्याच्या कटाया वरून टणक दिसतात, पण जांभ्याच्या खाली पांढरट-पिवळी गुळगुळीत माती असते. पावसाचं पाणी जांभ्याच्या चिरांतून उतरून त्या मातीवर थांबतं. माती साबणासारखी होते आणि वरचा धोंडा एका रात्रीत पुढे झुकतो.

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीवर गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्या वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या धोंड्यांना धडकली. त्यानंतर उतार मागे घेतले, टप्पे पाडले, जाळ्या बसवल्या, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवला. एवढं करूनही जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ माती रुळावर आलीच आणि वाहतूक जवळपास दिवसभर बंद पडली.

वडिलांचा एक नियम होता. कटाईतलं पाणी स्वच्छ असेल तर पुढे जायचं. काल स्वच्छ होतं आणि आज गढूळ झालं, तर थांबून कळवायचं.

हिमाचली_कोकण्या | ९ जून, दुपारी १:४५

मूळ गुहागरचा, नोकरीची बरीच वर्षं हिमाचलात बोगद्यांच्या कामांवर. अटल बोगद्याचं उदाहरण इथे चपखल बसतं. एकूण लांबी ९.०२ किलोमीटर. त्यातला सेरी नाल्याखालचा फक्त ५८७ मीटरचा पट्टा भ्रंशाचा होता, आणि त्या पट्ट्याने काही वर्षं खाल्ली. तिथे भूकंपाने कोणाला छळलं नाही. चुरडलेला खडक आणि वरच्या नाल्याचं पाणी यांनीच छळलं. खोदावं तेवढं वरून ओतत येतं. उत्तराखंडातल्या तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पावर तर डिसेंबर २००९ मध्ये बोगदा खोदणाऱ्या यंत्राने भ्रंशात साठलेल्या पाण्याला तोंड फोडलं आणि सेकंदाला सुमारे ७०० लिटर पाणी येऊ लागलं.

पण हिमालयाचे भ्रंश जिवंत आहेत, अजून डोंगर उचलतायत. तिथली भीती उचलून सह्याद्रीवर ठेवू नका. इथे शेकडो मीटर सरकलेले भ्रंश फारसे दिसत नाहीत. इथली अडचण वेगळी आहे. लहान भेगा, डाईकच्या कडा, दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर, आणि चार महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस. प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ वाटते, म्हणूनच अहवालात तिला एक ओळ मिळते.

इटलीतलं वायोंत धरणही आठवा. ९ ऑक्टोबर १९६३ ला जलाशयाशेजारच्या डोंगराचा २६-२७ कोटी घनमीटर भाग घसरला, पाणी धरणावरून उसळलं आणि सुमारे २००० माणसं गेली. धरण जवळजवळ जसंच्या तसं उभं राहिलं. डोंगर घसरला तो चिकणमातीच्या पातळ थरांवरून, आणि तिथे फार पूर्वी एकदा घसरण होऊन गेली होती.

चाकरमानी

मग उपाय बोगदाच का? कशेडीला केलेच की.

घाटातला_अभियंता

कशेडीचे जुळे बोगदे प्रत्येकी दोन किलोमीटरच्या आसपास आहेत आणि त्यांनी घाटातला वेळ खरंच वाचवला. पण बोगदाही त्याच डोंगरातून जातो. भेगा त्यालाही छेदतात, म्हणून गळती आणि ग्राउटिंगच्या (भेगांत सिमेंट भरण्याच्या) बातम्या वाचल्या असतील. आणि बोगद्याची दोन्ही तोंडं म्हणजे कटायाच. कुठे बोगदा, कुठे कटाई, कुठे पूल टाकून उतार तसाच सोडायचा, हे खडक बघून ठरवायचं.

कलमवाला | ९ जून, संध्याकाळी ७:१०

एक वेगळी शंका. आमची हापूसची बाग उतारावर आहे, खाली घर. पाणी जिरावं म्हणून बागेच्या वरच्या अंगाला समतल चर मारायचा विचार आहे. करू का? सगळे सांगतात पाणी अडवा, पाणी जिरवा.

भूस्तर

घराच्या वर तीव्र उतार आणि जाड माती असेल तर अजिबात नको. दुष्काळी पठारावर चर सोनं आहेत. कोकणातल्या तीव्र उतारावर आधीच भरलेल्या मातीत आपण आणखी पाणी कोंबतो. घराच्या वरचं पाणी पक्क्या, उतार दिलेल्या गटाराने बाजूच्या पऱ्याला सोडा. आणि बागेत कुठे एका बाजूच्या विहिरीला बारमाही पाणी, पलीकडची मात्र फाल्गुनात कोरडी, असं आहे का बघा. मध्ये डाईक असू शकतो. तो पाण्याला धरणासारखा आडवा उभा असतो, आणि त्याच्या वरच्या अंगाचा उतार पावसाळ्यात तुडुंब भरलेला असतो.

कलमवाला

आहे! नेमकं असंच आहे. वरची विहीर मे महिन्यातही उपसत नाही. चर रद्द. धन्यवाद सर.

वाशिष्ठीकाठ | १० जून, रात्री ८:४८

आज उघडीप होती. दोघांना बरोबर घेऊन खालूनच कटाई बघितली, वर कोणी चढलो नाही. जे दिसलं ते:

कटाईच्या मधोमध हातभर जाडीचा तांबडा थर आडवा जातो. त्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरतंय, पावसाला आत्ता कुठे सुरुवात झालीय तरीही. डाव्या बाजूला एक तिरका पट्टा वरून खाली उतरतो. त्यातला दगड भुसभुशीत, करडा-हिरवट. कल रस्त्याकडे वाटतो. खाली रस्त्याच्या पातळीच्या जरा वर तो उघडा पडलाय. उजव्या भागावर सिमेंटचा फवारा मारलाय, त्यात पाईप ठेवलेत पण बहुतेक कोरडे. एका ठिकाणी फवाऱ्याला आडवी चीर गेलीय आणि तिथे तो थोडा पुढे आलेला दिसतो.

फोटो टाकतो. बघून सांगा.

घाटातला_अभियंता | १० जून, रात्री ९:४०

फोटो बघितले. चीर आणि पुढे आलेला भाग मला आवडलेला नाही. पाईप कोरडे आणि शेजारी तांबड्या थरावर पाझर, याचा अर्थ फवाऱ्यामागे पाणी असण्याची शक्यता आहे आणि त्याला बाहेर यायला वाट नाही. वीतभर खोल पाईप फक्त फवाऱ्यामागचं पाणी काढतो. इथे डोंगरात कित्येक मीटर आत जाणारी, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती, छिद्रं पाडलेल्या पाईपची निचराविवरं लागतात, आणि ती नेमकी तांबड्या थराच्या वर व चुरडलेल्या पट्ट्यापर्यंत पोचायला हवीत.

अँकरचं, म्हणजे खडक बांधून ठेवायला आत रोवलेल्या सळयांचंही तेच. सळई चुरडलेल्या पट्ट्यातच संपत असेल तर ती निरुपयोगी. पट्टा पार करून मागच्या पक्क्या कातळात तिची पकड बसली पाहिजे. जाळी सुटे धोंडे अडवते, पाचर सुटली तर जाळी तिच्याबरोबर खाली येते. खात्याला हे स्पष्ट विचारा: अँकरची लांबी कशावरून ठरवली? विंधनविवरं किती घेतली, कुठे, त्यांच्या नोंदी दाखवा. पकड तपासायची ओढचाचणी केली का?

भूस्तर | १० जून, रात्री १०:२५

फोटोवरून निदान करायचं नसतं, पण वाशिष्ठीकाठ, तुम्ही जे टिपलंय ते नेमकं टिपलंय. हिरवट पट्ट्याचा कल आणि दिशा होकायंत्राने मोजायला हवी, ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो खरंच रस्त्याकडे कलत असेल आणि तांबड्या थराला छेदत असेल, तर थरावरचं पाणी थेट पट्ट्यात उतरतंय असं समजा.

एक सावधगिरी. 'आमच्याकडे दरडप्रवणतेचा नकाशा आहे, त्यात तुमचा भाग मध्यम धोक्याचा आहे', असं उत्तर येऊ शकतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ते राष्ट्रीय काम मोलाचं आहे, पण ते १:५०,००० प्रमाणावर आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. तुमची अख्खी कटाई त्यात दोन-चार मिलिमीटर. तालुक्यात आधी कुठे जायचं हे तो नकाशा सांगतो. तुमच्या कटाईसाठी कोणीतरी तिथे उभं राहून प्रत्येक भेग मोजलेला स्वतंत्र नकाशा लागतो. तो आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न.

सावित्रीखोरे | १० जून, रात्री ११:००

खात्याचं उत्तर येईपर्यंत पाऊस थांबणार नाही. आत्ताच करा: कटाईच्या माथ्यावर, सुरक्षित अंतरावरून, जमिनीला नवी भेग पडलीय का हे रोज कोणीतरी बघायचं. झाडं, विजेचे खांब कलले का, घराचे दरवाजे अचानक अडकू लागले का, झरा एकदम आटला किंवा गढूळ झाला का. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवा आणि आकडा वाडीच्या ग्रुपवर टाका. रात्री कुठे जायचं ते दिवसा ठरवून ठेवा. म्हातारी माणसं आणि गुरं शेवटच्या क्षणी हलत नाहीत. आणि पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नका, जिरलेलं पाणी खाली पोचायला वेळ घेतं.

मालवणी_मसाला

गुरां आधी, असा आजो सांगा होतोच. ताईंचा सगळा बरोबर.

वाशिष्ठीकाठ | ११ जून, सकाळी ९:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. निवेदन लिहायला घेतलं. मुद्दे असे धरलेत: कटाईचा भेगनिहाय भूवैज्ञानिक नकाशा आणि पट्ट्याचा कल; विंधनविवरांच्या नोंदी; अँकरची लांबी आणि ओढचाचणी; तांबड्या थराच्या वर खोल निचराविवरं; माथ्यावरचं गटार; आणि हे होईपर्यंत मुसळधार पावसात दोन्ही वाड्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची सोय. काल रात्रीपासून 'घरं सोडा' आणि 'काही होत नाही' हे दोन्ही तट पाळ्या लावून माथ्यावर लक्ष ठेवायला तयार झालेत. निवेदन कोणाच्या नावे द्यावं?

घाटातला_अभियंता | ११ जून, सकाळी ९:४०

रस्त्याच्या खात्याचे कार्यकारी अभियंता, प्रत तहसीलदारांना आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला. ग्रामसभेचा ठराव जोडा. रस्त्याची साखळी, म्हणजे किलोमीटरचा दगड आणि पुढचे मीटर, घाला. प्रत्येक फोटोवर तारीख हवी, आणि चिरेजवळ मोजपट्टी धरलेला फोटो हवा, लांबून झूम करून चालणार नाही पण मोजपट्टीसाठी कटाईखाली उभंही राहू नका. ते खात्याच्या माणसाकडून पंचनाम्यात करून घ्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

भूस्तर

होकायंत्र आणि विद्यार्थी घेऊन शनिवारी येतो. पाऊस असेल तर रविवारी. पत्ता निरोपात पाठवा.